रंगपटातली रंगपेटी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

कोल्हापूरचे नट-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्यावरचा लेख गेल्या अंकात आला. त्यावर सांगली-सातारा भागातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे एका नेपथ्यकाराने आणि एका कलाशिक्षकाने मिळून लिहिली आहेत.

नाव झाले की नटमंडळी चित्रे काढू लागतात आणि लोक नावाकडे बघून ती घेतात. चंद्रकांत यांचेही तसेच का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

त्यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. १९१३ साली जन्मलेले चंद्रकांत बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले. बाबूराव मुळात पडदेवाले. १९१० नंतरची काही वर्षे ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्याच हातांनी बाबूरावांनी पुढे देशी कॅमेरा उभा केला, सिनेमे काढले, त्यांची पोस्टरे रंगवली. त्यांच्या सिनेमा कंपनीत चित्रकार वेगळा, सुतार वेगळा, नट वेगळा अशी वाटणी नसे. व्ही. शांताराम तिथेच पडेल ते काम करत वर आले आणि १९२५च्या मूक ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याच्या भूमिकेत दिसले. त्याच कथेचा बोलपट बाबूरावांनी १९३६ साली काढला, त्यात चंद्रकांत होते. १९५२ साली भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात ते शिवछत्रपती झाले आणि पुढच्या दोन पिढ्यांना तोच चेहरा लक्षात राहिला. चित्रे मात्र थांबली नाहीत. उतारवयात त्यांनी राजारामपुरीतले आपले राहते घर चित्रांसह शासनाला दिले, तिथे आज संग्रहालय आहे. २००१ साली ते गेले.

आमच्या मते त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे काळी-राखाडी पूड कागदावर घासून केलेली निसर्गचित्रे नटाची म्हणून बघूच नयेत. झाडीतला अंधार आणि त्यापलीकडचे पाणी यांत राखाडीच्या किती पायऱ्या त्यांनी वेगळ्या ठेवल्यात ते बघावे. कृष्णधवल सिनेमात उमेदीची वर्षे गेलेल्या माणसाला रंग काढून टाकून बघायची सवय असणारच.

पावडर शेडिंग घरी शिकता येईल का? साहित्य कोणते, सुरुवात कशी करायची?
— दोन वाचक, कराड आणि तासगाव

येईल, आणि जलरंगापेक्षा खर्चही कमी. कागद २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकामाचा जाड कागद घ्या, किंचित खरखरीत. गुळगुळीत आयव्हरी कार्डावर पावडर धरत नाही, नुसती सरकते. फार दाणेदार जलरंगाच्या कागदावर ती खळग्यांत बसते आणि आकाशावर पुरळ उठल्यासारखे दिसते. सुरुवातीला ११ बाय १५ इंच पुरे.

पावडर दोन प्रकारची. ग्रॅफाइटची चकाकते आणि कितीही घासली तरी गडद राखाडीच्या पुढे जात नाही. कोळशाची मंद आणि खोल काळी होते. निसर्गचित्राला कोळशाचीच घ्या. तयार मिळाली नाही तर चित्रकामाच्या कोळशाच्या तीन-चार कांड्या पॉलिश पेपरवर घासा आणि मलमलमधून दोनदा चाळा. न चाळलेल्या पावडरीतला एक खडा गुळगुळीत आकाशात काळी रेघ ओढून जातो आणि ती रेघ पुसली जात नाही. एवढ्या कागदाला चहाचा एक चमचा पावडर उरून पुरते.

बाकी साहित्य असे: जुन्या धोतराचे किंवा मलमलचे धुतलेले तुकडे, कागदाचे स्टम्प (घट्ट गुंडाळलेल्या कागदाच्या टोकदार कांड्या) दोन जाडीचे, मळता येणारा खोडरबर, एक साधा खोडरबर तिरका कापून, आणि बारीक कामाला कोळशाची पेन्सिल. कापूस वापरू नका. त्याचे तंतू चित्रात अडकतात आणि बोटाचा दाब कागदापर्यंत पोचत नाही.

कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने फळीवर बसवा आणि फळी उभट ठेवा, म्हणजे जादा पावडर खाली झडते. रेखाटन एचबी पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. पेन्सिल दाबली तर कागदाला चर पडतो, तो चर पावडर घेत नाही आणि पांढरी रेघ कायमची राहते. मग फडके तर्जनीभोवती घट्ट गुंडाळा, पावडरीला टेकवा, झटका आणि आधी रद्दी कागदावर फिरवून बघा. चित्रावरचा पहिला स्पर्श नेहमी हवा त्यापेक्षा गडद पडतो, म्हणून ही पायरी टाळू नका.

आकाश सर्वांत आधी, गोल गोल हात फिरवत, वरून क्षितिजाकडे फिके करत. नंतर लांबचे डोंगर. डोंगराची कड स्वच्छ हवी असेल तर त्या आकाराचा कागद कापून आकाशावर धरा आणि कडेवरून डोंगराच्या बाजूला फडके ओढा. सह्याद्रीच्या एकामागे एक रांगा या युक्तीने तासाभरात उभ्या राहतात. फक्त प्रत्येक पुढची रांग मागचीपेक्षा एकच पायरी गडद ठेवा, दोन नाही. जवळची झाडी स्टम्पने, पाण्यावरची चमक मळलेल्या रबराने उचलून आणि सगळ्यांत काळे सर्वांत शेवटी. नवशिक्या काळ्यापासून सुरुवात करतो. मग बाकी सगळे त्या काळ्याशी स्पर्धा करत गडद होत जाते आणि भर दुपारचे चित्र संध्याकाळचे होते.

हात कागदाला टेकवू नका, खाली कोरा कागद ठेवा. घामाचा किंवा तेलाचा ठसा आधी दिसत नाही, पण पावडर फिरली की तिथेच गडद अंगठा उमटतो. जुलै-ऑगस्टात साताऱ्याकडे, वाईकडे कागद ओल धरतो आणि पावडरीचे गोळे होतात. पावडर घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. कागद दमट लागला तर दोन कोऱ्या कागदांमध्ये धरून कोमट इस्त्री फिरवा, मगच सुरू करा.

फिक्सेटिव्ह मारल्यावर माझ्या चित्रातले धुके नाहीसे झाले. हेअर स्प्रे चालतो असे ऐकले होते.
— एक वाचक, वाई

फिक्सेटिव्ह, म्हणजे पावडर कागदावर पक्की बसवणारा फवारा, कुठलाही असो, चित्र थोडे गडद होतेच आणि सर्वांत फिकी पायरी आधी बळी पडते. हेअर स्प्रेमध्ये हे जास्त होते, शिवाय तो काही वर्षांनी पिवळा पडतो. कामाला घेऊ नका.

धुके थोडे जास्तच फिके ठेवायचे, गडद होण्याची जागा धरून. डबा ३० ते ४० सेंटिमीटरवर ठेवा. बटण कागदाच्या बाहेर दाबा आणि हात सरळ नेऊन बाहेरच सोडा. कागदावर सुरू केले तर पहिला थेंब जाड पडतो. तीन पातळ हात, मध्ये १५ मिनिटे. एकच ओला हात मारला की पावडर वाहते आणि वाळल्यावर कडा दिसतात. शेवटच्या हातानंतर चकाकी हवी त्या जागा रबराने पुन्हा उघडायचा प्रयत्न करू नका, पावडर आता बसलेली असते. पांढऱ्या पेस्टल पेन्सिलचा एखादा ठिपका चालतो, जास्त नको.

पुष्कळ जण धुक्याची चित्रे फिक्स न करताच काचेखाली घालतात. तेही बरे. मात्र चित्र आणि काच यांत निदान ३ मिलिमीटरचा माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच, आणि अॅक्रिलिकची काच नको. तिच्यावर स्थिर वीज साठते आणि ती कागदावरची पावडर ओढून घेते.

आम्ही हौशी संस्थेचे नट. राज्य नाट्य स्पर्धेसाठी गावाच्या चौकाचा पडदा स्वतःच रंगवायचा आहे, २४ फूट बाय १४ फूट. फ्लेक्स नको. कसे करावे?
— नाट्यप्रेमी मंडळी, सातारा

फ्लेक्स नको हे ठरवलेत ते उत्तम. त्यावर दिव्याची तिरीप पडली की चकाकतो आणि मागच्या रांगेतल्यालाही प्लास्टिक कळते.

मांजरपाट घ्या. ४८ इंच पन्ह्याचा धरला तर आडव्या चार पट्ट्या लागतील. उभ्या नको. आडव्या शिवणीवर पडद्याचे वजन सारखे येते आणि ती सुरकुतत नाही. प्रत्येक पट्टी साडेपंचवीस फूट, म्हणजे एकूण १०२ फूट. ३२ मीटर आणा. कोरा मांजरपाट ओला झाल्यावर तीन-चार टक्के आटतो. पट्टी बरोबर २४ फूट कापली तर पडदा फूटभर अपुरा पडेल. वर बांबूसाठी आणि खाली पाइपासाठी सहा-सहा इंचांची खोळ ठेवून शिवा.

अस्तराला, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हाताला, सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा चिकट पदार्थ). १ किलो सरस रात्रभर गार पाण्यात भिजवा. सकाळी ते भांडे गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून विरघळवा. थेट आचेवर ठेवू नका. उकळला की सरसाची पकड जाते. सगळे मिळून पाणी १२ लिटर होऊ द्या. दोन बोटांमध्ये धरून उघडताना जरासे ओढल्यासारखे वाटले की बरोबर. त्यात ३ किलो चाळलेली खडू पावडर मिसळा आणि कोमट असतानाच रुंद ब्रशने उभा-आडवा हात मारा. तुमच्या पडद्याला म्हणजे ३३६ चौरस फुटांना एवढे बेताचे पुरते. सरस जास्त झाला तर पडदा कडक होऊन गुंडाळताना तडकतो. कमी झाला तर रंग पावडर होऊन नटांच्या काळ्या कोटावर येतो. उरलेला दुसऱ्या दिवशी गरम करून वापरता येतो, वास आला की फेकून द्या. सरस नकोच असेल तर पांढरा लाकूडकामाचा गोंद एकास सात पाण्यात चालतो, फक्त चुकलेले धुऊन काढता येत नाही.

रंग तेच जुने: पिवडी, गेरू, नीळ, काजळी, पांढऱ्याला खडू. प्रत्येकाची पाण्यात लापशी करून मग सरसाच्या पाण्यात कालवा. काजळी पाण्यावर तरंगते, तिला आधी स्पिरिटचे चार थेंब देऊन भिजवावी लागते. हे रंग वाळल्यावर चांगलेच फिके होतात. म्हणून प्रत्येक छटा कापडाच्या तुकड्यावर लावून इस्त्रीने वाळवा आणि मगच बादलीभर कालवा. मध्यावर संपलेली छटा पुन्हा तशीच जमत नाही, तेव्हा आकाशाचा रंग सढळ हाताने करा.

चित्र आधी २४ बाय १४ इंच कागदावर काढा. एक इंच म्हणजे एक फूट. दोघांनी खडू लावलेली सुतळी ताणून पडद्यावर फूट-फुटाचे चौकोन पाडा. पडदा जमिनीवर खिळे मारून ताणलेला असावा. खाली ब्राऊन पेपर अंथरा. प्लास्टिक अंथरले तर पाणी साचून मागून डाग फुटतात. अस्तर ओलसर असतानाच कापड एकदा उचलून परत टाका, नाहीतर कागदासकट निघेल. रेखाटनासाठी कोळसा चार फुटी काठीला बांधा आणि उभे राहून काढा. गुडघ्यावर बसून काढले की तपशील वाढतो, तो २० फुटांवरून दिसतही नाही आणि वेळ खातो. आकाश दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी, ओल्यात ओले.

आता नटांना हमखास विसरायला होणारी गोष्ट. पडद्यावरच्या सावल्या ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूने तुमचा मुख्य दिवा हवा. प्रकाशयोजनाकाराला रंगवण्याआधी बोलवा. लाल दिव्यात हिरवे झाड जवळजवळ काळे होते, निळ्या चांदण्यात गेरू आणि पिवडी मळकट दिसतात. रंगवलेले तुकडे शाहू कला मंदिरात किंवा जिथे प्रयोग असेल तिथे नेऊन एकदा दिव्याखाली बघा. पडदा रुंद पाइपावर गुंडाळून न्या. घडी घातली की चौकात आडवी रेघ आलीच.

मालिकेत छोट्या भूमिका करतो. शूटिंग बारा-बारा तास, त्यात चित्रकला सुटत चाललीय. काही वेळापत्रक सुचवा.
— एक कलावंत, मिरज

घरी येऊन रंगवू असे म्हणणारे रंगवत नाहीत. बारा तासांतले निम्मे तास बसून जातात, ते वापरा. दिवे बदलायला २० मिनिटे लागतात, तेवढ्यात एक चेहरा होतो. ए-५ वही, ६बी पेन्सिल किंवा न पसरणाऱ्या शाईचे पेन, पाणी भरलेला ब्रश आणि सहा वड्यांची जलरंगाची डबी, एवढेच सोबत ठेवा. तैलरंग आणि अॅक्रिलिक सेटवर नको. नखात बसलेला निळा पुढच्या शॉटमध्ये दिसला तर कंटिन्युइटीवाल्याची बोलणी खावी लागतात. उलट बाजूही आहे. बोटाला मेकअप लागलेला असतो, तो कागदाला लागला की तिथे पाणी धरत नाही. बोटे टिश्यूने पुसून वही उघडा.

प्रयोगाच्या किंवा डबिंगच्या दिवशी आणि आदल्या रात्री पावडर, खडू, टर्पेंटाइन, फिक्सेटिव्ह यांपैकी काही हाताळू नका. कोळशाची बारीक धूळ घशात बसते आणि दुसऱ्या दिवशी वरच्या पट्टीत आवाज फाटतो. एरवीही एन-९५ मास्क लावा आणि खाली पडलेली पावडर झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा.

सेटवरची रेखाटने लगेच फोनवरून टाकू नका. पोशाख, प्रसंग बाहेर फुटू नये अशी अट बहुतेक करारांत असते.

चित्रकाराला रंगभूषा आपोआप येते का?
— एक वाचक, जयसिंगपूर रोड, सांगली

अर्धी. उजेड आणि सावली कळते, पण कागद हलत नाही आणि चेहरा हलतो. म्हातारपणाच्या रेषा चित्रकार आपल्या सोयीने ओढतो. नटाने कपाळाला आठ्या घातल्या की खऱ्या आठ्या एकीकडे आणि रंगवलेल्या दुसरीकडे. आधी चेहरा आवळायला लावा, पडलेल्या घडीतच तपकिरी ओढा, काळी नको. तिच्या लगेच वर फिकी कड द्या आणि दोन्ही बोटाने मिसळा. फिकी कड विसरली की सुरकुतीऐवजी मळ दिसतो. कॅमेऱ्यासाठी हे सगळे निम्म्याने कमी करा.

मुलगी दहावीत आहे. नाटकात बक्षिसे आणि चित्रकलाही चांगली. दोन्ही धरून पुढे जाता येईल?
— एक पालक, विटा

जाता येते, याची ढळढळीत उदाहरणे आहेत. अमोल पालेकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. बँकेत नोकरी करत प्रायोगिक रंगभूमीवर आले, १९७४ नंतर हिंदी सिनेमात गाजले, पुढे दिग्दर्शन केले आणि नंतर पुन्हा कॅनव्हासकडे वळले. नाना पाटेकर उपयोजित कलेचे विद्यार्थी. दोघांनीही आधी एक शिक्षण पुरे केले, हे लक्षात घ्या.

इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा झाली नसेल तर देऊ द्या. बी.एफ.ए.ला बारावीनंतर राज्याची कला सीईटी असते, तिची तयारी म्हणजे रोजचे वस्तुचित्र आणि स्मरणचित्र. पदवी चित्रकलेची घेतली तरी नाटकाचे दार बंद होत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला कुठल्याही शाखेची पदवी चालते, मात्र निदान सहा नाटकांत काम केलेले असावे लागते. म्हणून आतापासून प्रत्येक नाटकाची जाहिरातपत्रिका, छायाचित्र आणि प्रमाणपत्र जपून ठेवा. आधी नाटक शिकायचे असेल तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र जवळ पडते. दोन्ही पदव्या एकाच वेळी करायचा हट्ट नको. तालमी आणि जर्नल सबमिशन नेमके एकाच महिन्यात येतात.

वडील हौशी नट होते, पावडर शेडिंग करत. २०१९च्या पुरात काही चित्रे भिजली, काही एकमेकांना चिकटलीत. सोडवू का?
— एक वाचक, गावभाग, सांगली

ओढून सोडवू नका. फिक्स न केलेली पावडर समोरच्या कागदावर जाते आणि दोन्ही चित्रे संपतात. वाफ देणे, पुन्हा भिजवणे हे उपाय टपालाच्या तिकिटांना ठीक आहेत, इथे नाहीत. चिकटलेला गठ्ठा तसाच दोन आम्लविरहित पुठ्ठ्यांमध्ये ठेवून कागदसंवर्धकाकडे न्या. सुट्या चित्रांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसत असेल तर ती पुसू नका, पावडरच पुसली जाईल. चित्र सावलीत, वाऱ्यावर कोरडे ठेवा. उन्हात टाकले तर कागद वाकतो आणि पिवळा पडतो. आत्ताच्या अवस्थेत प्रत्येकाचे छायाचित्र काढून ठेवा, पुढे रंगछटा जुळवायला तेच उपयोगी पडते.

अशी चित्रे प्रत्यक्ष कुठे बघता येतील?
— एक वाचक, वडूज

मांडरे यांची चित्रे कोल्हापूरला राजारामपुरीत. तुमच्या तर खटाव तालुक्यातच औंध आहे. यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय, १९३८ सालचे. ते उभे करणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनही करत, त्यामुळे या सदरात त्यांना परके म्हणता येत नाही. तिथे रविवर्मा, धुरंधर यांची चित्रे आहेत आणि राजांनी काढलेली रामायणाची चित्रेही. ती बघताना पात्रांचे उभे राहणे, हाताची ठेवण आणि नजरेची दिशा टिपा. नटाला त्यातून बरेच मिळते. निघण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या, आणि पेन्सिल-वही सोबत असू द्या. शाईचे पेन आणि रंग बाहेरच ठेवावेत.